जिवंत प्रेत आणि हसणारा प्रेक्षक : झोंबीविनोदातील हेतूचा प्रश्न

१

२६ जानेवारी २०२२ रोजी आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला झोंबीपट अशी त्याची प्रसिद्धी करण्यात आली होती. महासाथीच्या तिसऱ्या लाटेचा तो काळ होता आणि राज्यातील चित्रपटगृहांना निम्म्या आसनक्षमतेचीच परवानगी होती. अनेक निर्मात्यांनी आपापली प्रदर्शने पुढे ढकलली असताना हा चित्रपट पडद्यावर आला. संसर्गाने माणसे मरतात, मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि जिवंतांना चावून आपल्यासारखेच करून टाकतात, ही गोष्ट प्रेक्षक मुखपट्टी बांधून, शेजारची खुर्ची रिकामी सोडून पाहत होता आणि हसत होता. दोन वर्षे ज्याने संसर्गाचे भय प्रत्यक्ष भोगले होते, त्याच प्रेक्षकाचे हे हसणे होते.

या हसण्याचे स्पष्टीकरण ‘भीतीचा निचरा’ या सोयीच्या सूत्राने करता येते आणि बहुधा तसेच केले जाते. परंतु निचऱ्याची कल्पना मानसिक परिणामाविषयी बोलते, हसण्याच्या नैतिक स्वरूपाविषयी ती मौन पाळते. झोंबीविनोद या प्रकारात हसण्याचा विषय एक शरीर असते. हे शरीर हालते, चालते, झडप घालते; मात्र त्याच्या हालचालीमागे हेतू नाही असे कथेने आधीच ठरवून टाकलेले असते. हेतू नाही म्हणून त्याला वेदना नाही, वेदना नाही म्हणून त्याला मारण्यात पाप नाही, आणि पाप नाही म्हणून त्याच्या मरणावर हसण्यात गैर नाही, अशी ही तर्कसाखळी आहे. तिची पहिली कडी, म्हणजे ‘समोरच्याला हेतू नाही’ हा निर्णय, कोण करतो आणि कोणत्या अधिकाराने करतो, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न अल्पखर्ची झोंबीपटांच्या संदर्भात अधिक टोकदार होतो. तेथे प्रेक्षक केवळ प्रेतांना हसत नाही; प्रेतांचा बेगडी रंग, बनावट रक्त, फसलेला अभिनय यांनाही हसतो. म्हणजे हसण्याचा रोख पात्रांवरून निर्मात्यांकडे वळतो. या दुहेरी हसण्याची तपासणी करण्यासाठी महानगरी चित्रपटगृहातील प्रेक्षक पुरेसा नाही. साधनांच्या तुटपुंजेपणाशी ज्याचा पिढ्यान् पिढ्यांचा परिचय आहे असा प्रेक्षक त्यासाठी विचारात घ्यावा लागतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पूर्व विदर्भातील पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, असा प्रेक्षक आहे. म्हणून या विवेचनात ‘झोंबिवली’पासून निघून भंडारा जिल्ह्यातील मंडईच्या रात्रीपर्यंत जावयाचे आहे. तेथे पोहोचल्यावर एक अवघड अडचणही समोर येते, तिचाही विचार शेवटी करावा लागेल.

२

‘झोंबी’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे. झटापट, अंगाला अंग भिडवून केलेली झुंज असा त्याचा अर्थ आहे, आणि आनंद यादव यांच्या १९८७ मधील आत्मचरित्रात्मक कादंबरीमुळे तो साहित्याच्या वाचकास विशेष परिचित आहे. तेथे झोंबी घेणारा माणूस हेतूने भरलेला आहे. शिकण्याच्या एका हेतूसाठी तो साऱ्या परिस्थितीशी भिडतो. बाहेरून आलेला, केवळ उच्चारसाम्याने त्याच्याशेजारी येऊन बसलेला दुसरा शब्द नेमका याच्या उलट स्थिती दाखवितो.

या दुसऱ्या शब्दाचे मूळ हैतीच्या लोकसमजुतींत आहे आणि त्यामागे उसाच्या मळ्यांवरील गुलामगिरीची स्मृती आहे. हैतीमधील झोंबी कोणाला खात नाही. तो दुसऱ्याच्या सत्तेखाली राबतो. मृत्यूनंतरही मजुरी सुटू नये, स्वतःची इच्छा परत मिळू नये, ही तेथील भीती आहे; झोंबी भेटेल याचे भय नसून आपणच झोंबी होऊ याचे भय आहे. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट पिट्सबर्गच्या परिसरात सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत तयार केला, तेव्हा या कल्पनेची दिशा बदलली. राबणारे प्रेत खाणारे प्रेत झाले. एकट्याचा जमाव झाला. आणि भीतीचा कर्ता जो मालक, तो कथेतून नाहीसा झाला. त्या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, परंतु पुढील सर्व झोंबीपटांचा साचा त्यानेच घालून दिला. रक्तासाठी चॉकलेटचा पाक वापरणारा, हाताशी असलेल्या ओळखीच्या माणसांना प्रेते म्हणून उभे करणारा हा चित्रपट अल्पखर्ची स्वतंत्र निर्मितीचाही आदिनमुना ठरला.

त्याचा शेवट येथे विशेष महत्त्वाचा आहे. रात्रभर प्रेतांशी झुंजून जिवंत राहिलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी खिडकीपाशी येतो, आणि प्रेतांची शिकार करीत हिंडणाऱ्या बंदूकधारी तुकडीतील एक जण त्याला प्रेत समजून गोळी घालतो. ‘याला हेतू नाही’ हा निर्णय दुरून आणि घाईने केला जातो, आणि तो चुकीचा असतो. झोंबीकथेची नैतिक सवलत ज्या कडीवर उभी आहे ती कडीच रोमेरो यांनी आपल्या पहिल्या चित्रपटात संशयास्पद करून ठेवली. पुढील विनोदी झोंबीपटांनी सवलत तेवढी घेतली आणि संशय पुष्कळदा मागे सोडला.

मराठी परंपरेतील मृतात्मे याहून सर्वस्वी निराळे आहेत. मुंजा, हडळ, समंध यांना प्रत्येकी एक गाऱ्हाणे असते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला, बाळंतपणात दगावलेली, वासना किंवा ठेव मागे राहिलेला, अशी प्रत्येकाच्या परतण्याची कारणे सांगता येतात. ते बोलतात, मागतात, त्यांच्याशी वाटाघाटी होऊ शकतात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत आणलेल्या वेताळपंचविशीत तर प्रेतात शिरलेला वेताळच राजाला न्याय-अन्यायाचे पेच घालतो. आपल्याकडील प्रेत नीतीचे प्रश्न विचारणारे आहे. झोंबी या सर्वांहून वेगळा पडतो तो मुकेपणामुळे. त्याला गाऱ्हाणे नाही, निदान ते ऐकू येण्याची सोय कथेत नाही. सरपोतदार यांनीच पुढे २०२४ मध्ये ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट केला. त्यातील भूत अतृप्त इच्छेने बोलते, हट्ट करते. एकाच दिग्दर्शकाच्या या दोन चित्रपटांतील मृत शेजारी ठेवून पाहिले असता हेतू असलेले प्रेत आणि हेतू नसलेले प्रेत यांतील अंतर स्पष्ट होते.

हेतूहीन शरीर पाहून हसू का येते याचे सर्वांत नेटके उत्तर आंरी बर्गसाँ यांच्या १९०० मधील हास्यविषयक ग्रंथात मिळते. सजीवावर यांत्रिकतेचे आवरण चढलेले दिसले की हसू येते, आणि त्यासाठी हृदय काही क्षण बधिर व्हावे लागते, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. रस्त्यात अडखळून पडणारा माणूस हास्यास्पद होतो, कारण त्या क्षणी तो वस्तूसारखा वागतो. झोंबी म्हणजे ही कल्पना टोकाला नेली असता मिळणारे फळ होय; तो सतत वस्तूसारखाच वागतो. ॲरिस्टॉटलनेही हास्यास्पदाची व्याख्या करताना वेदना न देणारी कुरूपता अशीच अट घातली होती. दोघांच्याही विचारात हसण्यापूर्वी एक गृहीत मान्य करावे लागते: समोरच्याला दुखत नाही. मात्र बर्गसाँच्या अडखळणाऱ्या माणसाला दुखते, हे हसणाऱ्यास ठाऊक असते, आणि हसू ओसरताच तो हात पुढे करतो. झोंबीविनोदात हात पुढे करण्याची वेळ येत नाही. बधिरता क्षणिक राहत नाही, कथेचा तो कायमचा नियम होऊन बसतो.

३

‘झोंबिवली’ने हा नियम मराठी भूमीवर आणताना एक मोलाचे काम केले. प्रेते कोठून येतात या प्रश्नाला त्याने सामाजिक पत्ता दिला. डोंबिवलीतील टोलेजंग इमारतीत राहावयास आलेले सुधीर आणि सीमा हे मध्यमवर्गीय जोडपे, इमारतीलगतची पाण्यासाठी झगडणारी वस्ती आणि त्या वस्तीचा तरुण पुढारी विश्वास यांच्या भोवती कथा फिरते. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांनी या भूमिका केल्या आहेत. पाण्याचा प्रश्न हा कथेचा कणा आहे. पाणी कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि दूषित पाणी कोणाच्या वाट्याला येते, यावरून कोण माणूस राहील आणि कोण प्रेत होईल हे ठरते. हैतीच्या मूळ कल्पनेतून रोमेरो यांनी पुसून टाकलेला मालक येथे निराळ्या रूपाने परत येतो. मृतांना गाऱ्हाणे मिळते. ते स्वतः ते बोलू शकत नाहीत, परंतु कथा त्यांच्या वतीने बोलते.

तरीही विनोदाचा बहुतेक भाग इमारतीच्या बाजूने पाहिलेला आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आसरा घेणारे, घाबरणारे, चुका करणारे मध्यमवर्गीय पात्र हास्यास्पद असले तरी त्याला नाव आहे आणि भविष्य आहे. वस्तीतील माणसे मात्र प्रेत होताच गर्दीत विरघळतात. विचाराच्या पातळीवर चित्रपट वस्तीच्या बाजूचा आहे आणि हसण्याच्या पातळीवर तो दुसरीकडे झुकतो, असा हा अंतर्विरोध आहे. तो एका दिग्दर्शकाचा दोष मानण्याचे कारण नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना प्रेतांच्या गराड्यात सोडणाऱ्या २०१३ मधील ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटात तर असा पत्ताही शोधावा लागत नाही. तेथील प्रेते निव्वळ मौजेची सामग्री आहेत. झोंबीविनोदाचा प्रकारच गर्दीला चेहरा नाकारण्यावर आधारलेला असल्यामुळे समाजचिकित्सा करू पाहणाऱ्या कृतीलाही त्या नकाराचा व्याज द्यावाच लागतो.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. कृतीचा अर्थ प्रेक्षक कोणते पूर्वज्ञान घेऊन येतो त्यावर अवलंबून असतो. ‘झोंबिवली’तील पाण्याचा धागा टाकीतून नळाने पाणी मिळणाऱ्या प्रेक्षकास कथानकाची युक्ती वाटू शकेल. वैनगंगेच्या काठी हे क्षितिज वेगळे आहे. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, त्या धरणामुळे अडलेल्या पाण्यात हे सांडपाणी साचत राहते, आणि भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्याच्याशी वर्षानुवर्षे जोडला गेलेला आहे. दुसऱ्या शहराने वापरून टाकलेले पाणी आपल्या नदीत येते हा ज्याचा अनुभव आहे, त्या प्रेक्षकाला इमारत आणि वस्ती यांतील पाण्याचे नाते समजावून सांगावे लागत नाही. तो पडद्यावरील प्रेतांना हसेलही. परंतु ती आपल्याहून फार दूरची आहेत असे त्याला मानता येईल काय, याविषयी शंका आहे. हेतू नाकारण्याच्या निर्णयात प्रेक्षकाच्या स्थानाचा असा वाटा असतो.

४

येथवर पात्रांच्या हेतूचा विचार झाला. निर्मात्यांच्या हेतूचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. अल्पखर्ची चित्रपट ‘इतका वाईट की चांगला’ म्हणून पाहण्याची एक सुशिक्षित प्रथा जगभर रूढ आहे. मध्यरात्रीच्या खेळाला जमून फसलेल्या संवादांवर टाळ्या वाजविणारा हा प्रेक्षक स्वतःला रसिक मानतो, आणि एका अर्थाने तो आहेही. त्याने संकेत ओळखलेले असतात. मात्र त्याच्या आनंदाची अट अशी की निर्मात्याला आपण काय करीत आहोत हे कळलेले नसावे. त्रुटी हेतुपुरस्सर आहे असे समजले तर मौज ओसरते. म्हणजे झोंबीकथा प्रेताशी जे करते तेच हा प्रेक्षक निर्मात्याशी करतो. त्याच्याकडून हेतू काढून घेतो, त्याला धडपडणारे यंत्र ठरवितो आणि मग निर्धास्तपणे हसतो.

या वृत्तीची सर्वांत समर्थ परीक्षा शिनिचिरो उएदा यांच्या २०१७ मधील जपानी चित्रपटाने घेतली. ‘वन कट ऑफ द डेड’ या नावाने तो बाहेर ओळखला जातो. टोकियोतील एका अभिनय-कार्यशाळेतून, अपरिचित नटांना घेऊन, सुमारे ३० लाख येनांत तो तयार झाला. आरंभी एका लहान चित्रपटगृहात काही दिवस दाखविला गेला, २०१८ च्या उन्हाळ्यात तोंडी प्रशंसेवर पसरत गेला आणि अखेरीस त्याने ३ अब्ज येनांहून अधिक उत्पन्न मिळविले. त्याची पहिली ३७ मिनिटे एकाच सलग चित्रणात घेतलेला एक अत्यंत गचाळ झोंबीपट दाखवितात. संवाद रेंगाळतात, नट विनाकारण थांबतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. प्रेक्षक हसतो, आणि ते हसणे उपहासाचे असते. त्यानंतर चित्रपट मागे जातो आणि हेच चित्रण थेट प्रक्षेपणाच्या धांदलीत कसे पार पडले ते दाखवितो. प्रत्येक त्रुटीमागे कोणाची तरी निकराची धडपड होती. कोणी आजारी पडले, कोणी दारूच्या नशेत होते, कोणी ऐनवेळी दुसऱ्याची भूमिका उचलली. शेवटच्या उंचावरील चित्रणासाठी यंत्र उरत नाही, तेव्हा सर्व जण एकमेकांच्या पाठीवर चढून मानवी मनोरा उभारतात. प्रेक्षक पुन्हा हसतो. प्रसंग तेच आहेत, परंतु हसणे बदललेले आहे, कारण आता त्याने निर्मात्यांना हेतू परत केलेला आहे.

उएदा यांच्या कृतीचे नैतिक मर्म असे की तिने प्रेक्षकाला हसण्यास मनाई केली नाही. उपहासाबद्दल त्याला खजील करून सोडून देणे सोपे होते. तसे न करता तिने त्याला त्याच गोष्टीवर अधिक ज्ञानाने पुन्हा हसण्याची संधी दिली. यावरून हसणे आणि आदर परस्परविरोधी आहेत हे गृहीत टिकत नाही. अडचण हसण्यात नसते. कशाविषयीचे अज्ञान राखून ठेवल्यामुळे हसता येते, त्यात असते.

हे ज्ञान उएदा यांच्या प्रेक्षकाला कथेतून मिळवावे लागले. ते आधीपासूनच ज्याच्यापाशी असते असा प्रेक्षक महाराष्ट्रात सापडतो. मालेगावात यंत्रमागांच्या गावी २००० मध्ये नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा तो पाहणाऱ्यांना पडद्यावरील माणसे नावानिशी ठाऊक होती. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ती निर्मिती जगापुढे आली, आणि त्याबरोबर एक फरकही पुढे आला. बाहेरचा प्रेक्षक साधनांच्या अभावावर हसतो. गावातला प्रेक्षक आपल्या माणसाने केलेल्या उपद्व्यापावर हसतो. दृश्य एकच असले तरी या दोन हसण्यांचे विषय दोन आहेत.

५

चित्रपटात जे मालेगावात तुरळकपणे घडले ते रंगभूमीवर भंडारा जिल्ह्यात आणि एकूण झाडीपट्टीत नेमाने घडत आले आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, पाहुणेरावळे जमतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत होते आणि रात्री नाटक. पूर्वी गावातील हौशी मंडळेच नाटक बसवीत. पुढे लाखांदूरपलीकडील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे व्यावसायिक कंपन्यांचे केंद्र झाले. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. कौटुंबिक शोकनाट्य, गाणी, नृत्य आणि विनोद यांची सरमिसळ एकाच प्रयोगात असते आणि विनोदी पात्राची जागा तर ठरलेलीच असते. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि येथील लोकरंगभूमीचा अभ्यास करून अभ्यासकांचे लक्ष या प्रदेशाकडे वेधले, तरी येथील प्रेक्षकाच्या आस्वादप्रक्रियेचा सैद्धान्तिक विचार अजून पुरेसा झालेला नाही.

या प्रेक्षकाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या डोळ्यांपुढे पात्र आणि माणूस दोन्ही एकाच वेळी असतात. रंगमंचावर मरून पडलेला नट श्वास घेतो आहे हे त्याला दिसते. मागील हंगामात तो कोणत्या भूमिकेत होता हे त्याला आठवते. करुण प्रसंगात तो रडतो, लगेच येणाऱ्या विनोदी प्रवेशात हसतो, आणि एकाने दुसऱ्याला बाध येत नाही. महानगरी समीक्षा याला रसभंग म्हणते. परंतु न. चिं. केळकर यांनी मांडलेल्या ‘सविकल्प समाधी’च्या कल्पनेने पाहिले असता हा रसभंग ठरत नाही. आस्वादक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही स्वतःचे भान सोडीत नाही, या दुहेरी अवस्थेत केळकरांनी वाङ्मयानंदाचे कारण शोधले. झाडीपट्टीत या कल्पनेचा विस्तार करावा लागतो. तेथे प्रेक्षकाला स्वतःचे भान असतेच, शिवाय समोरच्या नटाच्या माणूसपणाचेही भान असते. समाधी एक आणि विकल्प दोन, असे तिचे स्वरूप आहे.

आता अशा प्रेक्षकासमोर अल्पखर्ची झोंबीविनोद ठेवून पाहावा. पांढरा रंग फासून, पाय ओढीत येणारे प्रेत पाहताच तो प्रेताला हसेल, रंगाला हसेल, आणि त्या रंगामागील माणसालाही हसेल; परंतु तेथे माणूस आहे हे तो क्षणभरही विसरणार नाही. झोंबीकथेला जी संपूर्ण अनोळख लागते ती त्याच्यापाशी निर्माणच होऊ शकत नाही. भारी खर्चाच्या चित्रपटात रंगभूषा आणि संगणकीय करामत माणसाला पूर्णतः झाकून टाकते, म्हणून तेथे प्रेत मारण्याची सवलत निर्वेध मिळते. स्वस्त रंग नीट झाकीत नाही. साधनांच्या अभावाचा हा नैतिक लाभ अनपेक्षित आहे: कमी पैशांत माणूस पुरेसा लपविता येत नाही. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तील परिभाषेत सांगावयाचे तर अलौकिकतेचा दावा करणे येथे कृतीला परवडतच नाही, लौकिक सतत आत डोकावत राहते.

६

या ठिकाणी विवेचन थांबविले तर एक प्रसन्न निष्कर्ष हाती येतो. ओळखीचा प्रेक्षक, स्वस्त साधने आणि निर्मळ हसू, असे ते त्रिकूट आहे. परंतु ज्या जिल्ह्याच्या आधाराने हा निष्कर्ष काढावयाचा त्याच जिल्ह्याचा इतिहास त्याच्या आड येतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची गावातील लोकांनी हत्या केली. मारणारे आणि मारले गेलेले एकमेकांना नावाने ओळखत होते. तेथे रंग नव्हता, मुखवटा नव्हता, अनोळखी गर्दी नव्हती. ओळख माणसाला हेतू परत करते हे म्हणणे तेथे कोसळून पडते.

या घटनेशी झोंबीविनोदाची तुलना करणे हा येथे उद्देश नाही; तशी तुलना अनुचित होईल. परंतु हेतू नाकारण्याच्या क्रियेचे खरे स्वरूप समजून घेण्यासाठी तिची आठवण टाळता येत नाही, कारण तिने दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली अशी की परिचय आणि मान्यता यांत फरक आहे. शेजाऱ्याचे नाव, घर, शेत ठाऊक असूनही त्याला स्वतःच्या बरोबरीची इच्छा आणि प्रतिष्ठा आहे हे अमान्य करता येते. जातिव्यवस्था ही अशा परिचित अमान्यतेचीच व्यवस्था आहे. दुसरी गोष्ट जमावाविषयी आहे. अशा घटनांनंतर ‘जमावाने केले’, ‘जमाव भडकला’ असे म्हटले जाते, आणि या भाषेत करणाऱ्यांचा हेतू नाहीसा होतो. जणू काही एखादा संसर्ग गावात शिरला आणि माणसे प्रेतवत् चालत गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले, ते आठ स्वतंत्र व्यक्ती म्हणून. न्यायप्रक्रियेच्या अन्य मर्यादांविषयी, विशेषतः ॲट्रॉसिटी कायदा लागू न केल्याविषयी, झालेली टीका रास्तच आहे. परंतु जमावाला व्यक्तींमध्ये विभागून प्रत्येकाला हेतू लावणे ही क्रिया न्यायाला टाळता आली नाही.

म्हणजे हेतू काढून घेणे दोन विरुद्ध कामांसाठी वापरले जाते. बळी पडणाऱ्याकडून तो काढून घेतला की त्याच्यावरील हिंसा सुसह्य होते. करणाऱ्याकडून काढून घेतला की हिंसेची जबाबदारी उरत नाही. झोंबीची प्रतिमा दोन्ही कामे एकाच वेळी करते: झोंबी मारण्यायोग्य असतो आणि तो स्वतः जे करतो त्याबद्दल निर्दोषही असतो. या प्रतिमेची लोकप्रियता आणि तिचा धोका एकाच ठिकाणी आहे. गर्दीने भरलेल्या, गर्दीला घाबरणाऱ्या आणि गर्दीआड लपणाऱ्या समाजाला ती सोयीची आहे.

तेव्हा झाडीपट्टीच्या प्रेक्षकाविषयी काढलेला निष्कर्ष सोडून द्यावा लागत नाही, तो दुरुस्त करावा लागतो. नटाच्या माणूसपणाचे भान ही नैतिकतेची हमी नाही. ती नैतिकतेची संधी आहे. सविकल्प समाधीतील विकल्प हा शब्दशः पर्याय आहे, म्हणजे तो घेता येतो आणि नाकारताही येतो. मंडईच्या रात्री रंगलेल्या चेहऱ्यामागे माणूस आहे हे मान्य करणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी गावातील उतरंडीत तेच मान्य करील, असे कोणतीही कला सांगू शकत नाही. कला फार तर मान्यतेची सवय काही काळ लावू शकते. सवय लागूनही ती टिकते काय हे कलेच्या बाहेर ठरते. अल्पखर्ची विनोदाकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल, आणि याहून कमी मागणे त्याला क्षुल्लक समजण्यासारखे होईल.

समीक्षेच्या बाबतीत या विवेचनातून एक कर्तव्य निघते. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींमध्ये दोन-दोन वाटून दिले. ओठांतल्या ओठांत हसणारा उत्तम आणि अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईतो हसणारा अधम, अशी ही वाटणी आहे. आधुनिक मराठी समीक्षेने ही वाटणी उघडपणे स्वीकारली नसली, तरी ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग ती अजून वापरते. पिटातला प्रेक्षक कशालाही हसतो, त्याला कळत नाही, त्याला काहीही चालते, असे या शब्दप्रयोगामागील गृहीत आहे. येथेही हेतू काढून घेतला गेला आहे, आणि तो समीक्षकाने प्रेक्षकाकडून काढून घेतला आहे.

‘झोंबिवली’सारख्या कृतींचे, त्याहून तुटपुंज्या साधनांनी केलेल्या प्रयत्नांचे आणि मंडईतील नाटकांचे मूल्यमापन करताना त्यांना उसने मोठेपण देण्याची गरज नाही. त्यांतील फसलेले प्रसंग फसलेले म्हणून सांगता आले पाहिजेत. परंतु प्रेक्षक नेमका कशाला हसला, त्या वेळी त्याला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक असूनही त्याने बाजूला ठेवले, हे विचारल्यावाचून त्याच्या हसण्याला उत्तम किंवा अधम ठरविता येणार नाही. हा प्रश्न त्याला विचारणे म्हणजे त्याला हेतू आहे असे मानणे होय, आणि प्रेक्षकप्रतिसादाच्या अभ्यासाचा आरंभ त्या मान्यतेपासून व्हावयास हवा.